दातांच्या बैठकीला वर्ग देणारा माणूस : एडवर्ड अँगल

माळव्यात इंदूरच्या एका अंगाला धार आणि दुसऱ्या अंगाला देवास. दोन्ही पवारांची संस्थाने. धारची गादी एक. देवासची मात्र तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांपासून थोरली पाती व धाकटी पाती अशी दुभागलेली. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत दोन कारभार. पवारांबरोबर तेथे गेलेली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या त्या गावांत नांदली. अशा घरातील एखाद्या मुलाचे वरचे दात ओठाबाहेर डोकावू लागले, किंवा खालची हनुवटी पुढे येते आहे असे वाटू लागले, तर जवळचे मोठे ठिकाण म्हणजे इंदूर. तेथे १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. गोव्यातील पालक त्याच काळजीने बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयाची पायरी चढतात.

दोन्ही ठिकाणी डॉक्टर मुलाला तोंड मिटायला सांगतात, गाल बाजूला करून दाढांकडे पाहतात आणि केसपेपरवर एक रोमन आकडा लिहितात : वर्ग एक, दोन किंवा तीन. पुढचे सारे प्रश्न या आकड्यापासून सुरू होतात. तार आता बसवायची की दोन वर्षांनी? नुसत्या तारेने भागेल की जबड्याला वळण देणारे साधनही लागेल? आणि पालकांना सर्वांत जड जाणारा प्रश्न : जागा करण्यासाठी मुलाचे निरोगी दात काढावे लागतील काय? तो आकडा शोधणाऱ्या माणसाने या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे नकारार्थी दिले होते. त्याच्या आयुष्याची आणि त्याच्या पश्चात घडलेल्या वादाची कथा त्या नकाराभोवतीच फिरते.

एडवर्ड हार्टली अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, हेरिक या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे सात. अँगल त्यांतले पाचवे. अभ्यासापेक्षा अवजारांत त्यांचे मन अधिक रमे. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ते कँटन गावातील एका दंतवैद्याकडे उमेदवारी करू लागले आणि १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीमधून त्यांनी पदवी घेतली. टोवांडा येथे त्यांनी व्यवसाय मांडला. पण फुप्फुसाच्या आवरणाच्या दुखण्याने त्यांना हवापालटासाठी पश्चिमेकडे जावे लागले. ते मिनियापोलिसला आले. १८८२ च्या सुमारास तर दंतवैद्यकी सोडून त्यांनी माँटानात मेंढपाळीचा घाट घातला. हिमवादळात कळप मेला, पैसा बुडाला आणि अँगल पुन्हा मिनियापोलिसला, दातांकडे परतले.

त्या काळी वाकडे दात सरळ करणे ही दंतवैद्यकीची एक दुर्लक्षित पोटशाखा होती. तसे प्रयत्न होत नव्हते असे नाही. न्यूयॉर्कचे नॉर्मन किंग्जली डोक्याला पट्टा बांधून वरचे दात मागे ओढीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल यांनी १८६० मध्येच स्क्रूच्या साहाय्याने वरचा जबडा रुंदावल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. पण प्रत्येक वैद्य प्रत्येक रुग्णासाठी नवे साधन घडवी आणि आपल्या परीने त्याचे वर्णन करी. दोन वैद्य एकाच तऱ्हेच्या दोषाविषयी बोलत आहेत की वेगवेगळ्या, हे ठरवण्याचेच साधन नव्हते. मग एकाचा उपचार दुसऱ्याच्या उपचाराशी ताडून पाहणार तरी कसा? ही उणीव अँगल यांनी भरून काढली.

मिनेसोटा विद्यापीठात १८८६ पासून ते शिकवू लागले. पुढल्याच वर्षी वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी आपली पद्धत मांडली. कोणत्याही दंतवैद्याला वापरता येतील असे तयार, एकमेकांत बसणारे सुटे भाग हे तिचे वैशिष्ट्य. पुढे शिकागो आणि १८९५ नंतर सेंट लुईस येथे त्यांनी अध्यापन व व्यवसाय केला. मोडलेले जबडे तारेने बांधून जोडण्याचे कामही ते करीत. १८९९ मध्ये डेंटल कॉसमॉस या नियतकालिकात त्यांचा वर्गीकरणाचा लेख आला आणि या शास्त्राला आपली भाषा मिळाली.

हे वर्गीकरण एका दाढेवर उभे आहे. मूल सहा वर्षांचे होते तेव्हा दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. अँगल यांच्या मते वरच्या जबड्यातील ही दाढ सहसा आपली जागा सोडीत नाही, म्हणून तिलाच आधारबिंदू मानावे. तिचे गालाकडचे पुढचे टोक खालच्या दाढेच्या गालाकडील खाचेत नीट बसले तर मागची बैठक योग्य. दात पुढे दाटीवाटीने उगवले असतील तर तो वर्ग एक. खालची दाढ जागेच्या मागे बसत असेल तर वर्ग दोन. त्याचेही दोन भाग : पहिल्यात वरचे पुढचे दात बाहेर झुकतात, दुसऱ्यात ते आत कलतात. खालची दाढ जागेच्या पुढे गेली असेल तर वर्ग तीन. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील वैद्याला, कोणत्याही मुलाच्या तोंडात डोकावून, यंत्राविना हे ठरवता येते. म्हणूनच सव्वाशे वर्षे उलटली तरी हा आकडा केसपेपरवरून गेलेला नाही.

दंत महाविद्यालये या विषयाला पुरेसा वेळ देत नाहीत, हा सल अँगल यांच्या मनात होता. म्हणून १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईसला स्वतःची शाळा काढली. केवळ याच विषयाची अशी ही पहिलीच शाळा. त्याच सुमारास अमेरिकेतील या विषयाच्या तज्ज्ञांची संस्था स्थापन झाली. अँगल तिचे पहिले अध्यक्ष. दंतवैद्यकीत निव्वळ एकाच शाखेला वाहून घेतलेला तज्ज्ञ असू शकतो, ही कल्पना तेथून रुजली. शिक्षक म्हणून ते विलक्षण होते आणि तितकेच कठोर. निष्ठेची त्यांची अपेक्षा टोकाची होती. मतभेद दाखवणारा शिष्य पाहता पाहता परका ठरे, आणि प्रतिस्पर्ध्यांशी त्यांची वैरे वर्षानुवर्षे चालत.

या कठोरपणाला धार आली ती दात काढण्याच्या प्रश्नावर. आपल्या पुस्तकाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत काही रुग्णांच्या उपदाढा काढण्याची मुभा अँगल यांनीच दिली होती. १९०७ च्या सातव्या आवृत्तीत मात्र ती उरली नाही. निसर्गाने माणसाला बत्तीस दात दिले. ते सर्व आपापल्या जागी बसवले की चेहऱ्याचे सौंदर्य आपोआप साधते, ही त्यांची श्रद्धा झाली. हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते, या जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांच्या सिद्धान्ताचा आधार त्यांनी घेतला. दात योग्य बैठकीत आणले, मूल नीट चावू लागले, की दातांभोवतीचे हाड वाढून त्यांना जागा देईल, असा त्यांचा विश्वास होता. चेहऱ्याच्या आदर्शासाठी ते ग्रीक देव अपोलोच्या प्रसिद्ध पुतळ्याकडे पाहत. त्यांचे चित्रकार मित्र एडमंड वुर्पेल यांनी त्यांना समजावले की सर्व चेहऱ्यांना एकच माप लागू पडत नाही. अँगल यांनी ते मानले. पण सर्व दात राखले तर प्रत्येक चेहरा आपल्या परीने सुंदर होईल, असा त्याचा अर्थ लावला.

शिकागोचे कॅल्व्हिन केस यांना हे पटले नाही. दातांची बैठक आणि चेहऱ्याची ठेवण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे म्हणणे. ज्या मुलाचे दात व ओठ मुळातच फार पुढे आहेत, त्याचे सगळे दात ओळीत बसवले तर ओळ सरळ होईल, पण तोंड आणखी पुढे येईल; अशा मोजक्या रुग्णांत दात काढणेच हिताचे. १९११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत संघटनेपुढे त्यांनी ही बाजू मांडली. दुसऱ्या बाजूने उभे राहिले मार्टिन ड्युई, अँगल यांचे एकेकाळचे शिष्य. वाद कडवट झाला. त्या वेळी सरशी अँगल यांच्या मताची झाली आणि अमेरिकेत पुढची दोन-अडीच दशके निरोगी दात काढणे जवळजवळ निषिद्ध ठरले. मात्र दोन्ही बाजूंकडे होते ते आपापले निवडक रुग्ण. उपचार संपल्यावर पाच-दहा वर्षांनी त्या मुलांच्या दातांचे काय झाले, याची पद्धतशीर नोंद कोणीच पुढे ठेवली नाही.

श्रद्धा एकीकडे, दुसरीकडे त्यांच्या हातातील कारागीर स्वस्थ बसत नव्हता. तिसांहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर आहेत आणि प्रत्येक नवे साधन आधीच्या साधनातील खोड काढण्यासाठी जन्मले. पहिली कमान म्हणजे दाढांना पट्ट्यांनी अडकवलेली एक जाड तार. बाकीचे दात बारीक तारेने तिला बांधून बाहेर ओढले जात. पण त्याने दाताचा शेंडा हले, मूळ जागचे हलत नसे. दात नुसता कलत असे. म्हणून सुमारे १९१० मध्ये त्यांनी प्रत्येक दाताच्या पट्टीवर उभी नळी आणि तारेवर तिच्यात बसणारी खिळी योजली. मूळ हलू लागले. पण दर भेटीला खिळ्या काढून नव्या जागी डाख द्यावा लागे. इतके बारीक काम करणारे वैद्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिसरे साधन फितीसारख्या चपट्या तारेचे. ते वापरायला सोपे आणि फिरलेले दात वळवण्यास उत्तम, पण मुळावर त्याची पकड कमी.

दरम्यान त्यांचे खासगी आयुष्यही पालटले होते. त्यांच्या चिटणीस ॲना हॉपकिन्स यांनी आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकीची पदवी घेतली होती. १९०८ मध्ये त्यांच्याशी अँगल यांनी विवाह केला. शाळेचा कारभार, लेखनाचे संस्करण, दुखावलेल्या शिष्यांची समजूत, हे सारे ॲना पाहत. न्यूयॉर्क, मग कनेक्टिकट असा मुक्काम करीत हे दांपत्य १९१६ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडीना येथे विश्रांतीसाठी आले. शिष्य तेथेही पाठोपाठ आले आणि शाळा पुन्हा भरू लागली. शिष्यांनी उभारलेल्या मदतीतून १९२२ मध्ये तिला स्वतंत्र इमारत मिळाली.

येथेच, सत्तरीत, त्यांच्या हातून चौथे आणि शेवटचे साधन घडले. १९२५ मध्ये त्यांनी ब्रॅकेटची उभी खाच आडवी केली आणि तीत चौकोनी छेदाची तार कडेवर बसवली. खाचेची मापे इंचाच्या हजार भागांपैकी २२ व २८. चौकोनी तार चौकोनी खाचेत फिरू शकत नाही. तारेला पीळ दिला की तो पीळ थेट दाताच्या मुळापर्यंत पोहोचतो. दात पुढे-मागे, वर-खाली आणि स्वतःच्या अक्षाभोवती, तिन्ही दिशांनी नियंत्रणात आला. आज धारच्या किंवा म्हापशाच्या शाळकरी मुलीच्या दातांवर चमकणारी ठरावीक तार याच आडव्या खाचेत बसलेली असते. पोलाद सोन्याच्या जागी आले, पट्ट्या जाऊन ब्रॅकेट दाताला चिकटवले जाऊ लागले, लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७० च्या सुमारास तारेतील वाक ब्रॅकेटमध्येच घडवून ठेवले. पण खाचेचे तत्त्व अँगल यांचेच राहिले. ११ ऑगस्ट १९३० रोजी सँटा मोनिका येथे, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी त्यांच्या नावाची संस्था उभारली आणि पुढल्या वर्षी त्यांच्याच नावाचे नियतकालिक सुरू केले.

त्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षात, १९३१ मध्ये, त्यांचे शिष्य होली ब्रॉडबेंट यांनी डोके एका चौकटीत स्थिर धरून बाजूने क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता एकाच मुलाची दर वर्षाची चित्रे एकमेकांवर ठेवून पाहता येऊ लागली. हळूहळू दिसू लागले की वरची दाढ अँगल समजत होते तशी अचल नाही. वर्ग दोनमधील पुष्कळ मुलांत मूळ दोष दातांत नसून जबड्यांच्या परस्पर वाढीत असतो, हेही ध्यानात आले. ज्या दाढेवर वर्गीकरण उभे होते तिचीच तपासणी गुरूच्या नावाच्या पानांवर सुरू झाली.

दुसरा धक्का अधिक जिव्हाळ्याचा होता. चार्ल्स ट्वीड हे अँगल यांच्या अखेरच्या काळातील लाडके शिष्य. गुरूच्या शेवटच्या लेखांना आकार देण्यात त्यांचा हात होता, आणि ॲरिझोनात नवे साधन वापरून एकही दात न काढता उपचार करण्याचा नेम त्यांनी काही वर्षे निष्ठेने पाळला. मग त्यांनी जुने रुग्ण परत बोलावले. अनेकांचे दात पुन्हा दाटले होते, तोंडे पुढे आली होती. अशा रुग्णांच्या चार उपदाढा काढून त्यांनी नव्याने, मोबदला न घेता उपचार केले आणि १९४० मध्ये शंभर रुग्णांचे आधीचे व नंतरचे साचे सहव्यावसायिकांपुढे मांडले. तिकडे ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे अँगल यांचेच शिष्य रेमंड बेग स्वतंत्र वाटेने त्याच निष्कर्षाला आले. एका घरातून दोन पाती निघाव्यात तसे झाले : एक दात राखणारी, एक दात काढणारी. दोघींचे हत्यार मात्र गुरूचेच, आणि देवासच्या दोन दरबारांप्रमाणे दोघींचा संसार एकाच गावात.

पुढे काढणाऱ्या पातीचाही अतिरेक झाला. एके काळी अनेक ठिकाणी उपदाढा काढणे ही जणू रीतच बनली. मग चेहरे आत बसल्याच्या तक्रारी आल्या आणि लंबक परत फिरला. दात काढले तरी दाटी पुन्हा होऊ शकते, हेही दीर्घकाळच्या नोंदींनी दाखवले. म्हणून आज तार काढल्यावर दात धरून ठेवणारे रिटेनर अनेक वर्षे वापरायला सांगतात. दात काढणे वा राखणे हा आता श्रद्धेचा विषय उरलेला नाही. दाटी किती, ओठ किती पुढे, हिरडी व हाड किती पातळ, याच्या मापावर तो ठरतो.

उपचार कोणत्या वयात करावा, या प्रश्नाचीही तुलना अखेर झाली. युरोपात पिएर रोबँ आणि व्हिगो आंद्रेसेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी काढघालीची साधने केली होती. आजचे ट्विन ब्लॉक हे त्याच कुळातले. अमेरिका व ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून वर्ग दोनच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून अभ्यास झाले : एका गटाला आठ-दहाव्या वर्षी हे साधन वा डोक्याचा पट्टा, दुसऱ्याला बाराव्या वर्षाच्या पुढे एकाच टप्प्यात उपचार. शेवटी दोन्ही गटांचे दात आणि जबडे जवळपास सारखेच निघाले. लवकर उपचाराचा ठळक लाभ एवढाच की पडून-आपटून पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी झाले. वर्ग तीनची आणि वरचा जबडा अरुंद असलेली मुले यांची गोष्ट वेगळी. तेथे वाढ सुरू असतानाच, हाडाचा सांधा पक्का होण्याआधी, हात घालणे फायद्याचे ठरते.

म्हणून मुलाच्या केसपेपरवरील आकडा हा निकाल नसतो. तो लिहिला गेल्यावर इंदूर असो वा बांबोळी, पालकांनी काही गोष्टी शांतपणे विचाराव्यात. दोष दातांचा की जबड्याचा? दोन-तीन वर्षे थांबल्यास नेमके काय बिघडेल? उपदाढा काढल्या आणि न काढल्या तर ओठांची ठेवण कशी राहील? रिटेनर किती काळ वापरावा लागेल? काढलेली उपदाढ परत बसत नाही. पण दाटीच्या तोंडात हट्टाने राखलेले दात पुढे हाडाबाहेर सरकले तर तेही नुकसानच. चांगला वैद्य या प्रश्नांची उत्तरे साचा आणि क्ष-किरण चित्र पुढे ठेवूनच देईल. वर्ग ठरवण्याची रीत आणि तारेची खाच अँगल यांनी दिली. जुना रुग्ण परत बोलावून आपलाच उपचार तपासण्याची सवय मात्र त्यांच्या शिष्यांनी लावली, आणि त्यासाठी त्यांना गुरूच्या शब्दाबाहेर जावे लागले.